पाचशे अडुसष्ट किलोंचं घर

सकाळी सव्वासहाला सुई शून्यावर आली आणि मगच आत्याने चहाचा कप तोंडाला लावला. एक्केचाळीस वर्षांचा नेम होता तो. आधी वजनकाट्याचा लोखंडी पाटा झाडायचा, कडेच्या फटीत अडकलेले खडे तारेने उकरून काढायचे, मग केबिनमध्ये येऊन तबकडीपुढे हात जोडून उभं राहायचं. सुई थरथरत, लाजत-मुरडत शून्यावर येऊन बसेपर्यंत पाण्याचा घोटसुद्धा नाही. तिचे आणखीही दोन नेम होते. खोटं बोलायचं नाही, हा एक. न विचारलेलं सांगायचं नाही, हा दुसरा. पहिल्याचा घरात कुणाला त्रास झाला नव्हता. दुसऱ्याने मात्र भल्याभल्यांची झोप उडवली होती.

सातला पहिला ट्रक आला, गॅसविहिरींकडे निघालेला, पाठीवर पाइपांची चळत. वजन झालं, पावती फाटली, ट्रक पुलाच्या दिशेने गेला. आणि वीस मिनिटांत उलटा आला.

"आत्या," ड्रायव्हरने खिडकीत डोकं घातलं. ट्रकवाले सगळे तिला आत्याच म्हणत. "तुमची पावती चालत नाही म्हणे पुलावर."

"का रे बाबा? शाई पुसट आलीय का?"

"शाई झकास आहे. पण पहारेकरी म्हणतो, हा काटा निकामी आहे. विकास कार्यालयाचं पत्र आलंय त्याच्याकडे."

"कार्यालयाला कुणी कळवलं?"

"मालकांनीच. लेखी."

आत्याने कप बशीत ठेवला. वडिलांनी काटा तिघांच्या नावे ठेवला होता. तिने तर काही कळवलं नव्हतं. राहिले दोन भाऊ. थोरला, ज्याला सगळं गाव दादा म्हणे, आणि तिच्या पाठचा, ज्याला सगळे नुसतं भाऊ म्हणत. दोघांपैकी एकालाही स्वतःच्या हाताने अर्ज लिहायची सवय नव्हती. म्हणजे लिहिणारा हात दादाच्या थोरल्या मुलाचा. तिने मनातल्या मनात एवढं वजन करून ठेवलं आणि ड्रायव्हरला म्हणाली, "ट्रक बाजूला लाव. चहा घे. आज आमच्याकडे बैठक आहेच."

चार वर्षांपूर्वी माळाखाली गॅस लागला तेव्हापासून गावाला बसायला वेळ नव्हता. ज्या रस्त्यावर दिवसाकाठी चार गाड्या जायच्या, तिथे आता पाइप, सिमेंट, रेती आणि यंत्रांची रीघ. कुणाची पडवी होती तिचं हॉटेल झालं, कुणाचा गोठा होता त्याचं गॅरेज. पण विहिरींकडे जायला नदीवर पूल एकच, तोही म्हातारा. तीस टनांवरचा ट्रक त्याला झेपत नसे. म्हणून विकास कार्यालयाने नियम केला, की या काट्याची पावती दाखवल्याशिवाय पुलावर चाक चढणार नाही. ज्याचं वजन जास्त, त्याने चाळीस किलोमीटरचा वळसा घ्यायचा. दादा ज्याला 'वडिलांचं भंगार' म्हणे, त्या काट्यासमोर अशी रोज रांग लागायला लागली.

आज मात्र रांग पुढे सरकत नव्हती. दहा वाजेतो ती वळणापलीकडे गेली होती.

बैठक दादाच्या जेवणघरात होती. खिडकी थेट काट्यावर उघडायची, त्यामुळे हॉर्न मधेमधे आपलं मत देत होते. लांब टेबलाच्या शेंड्याला दादा. त्याच्यापुढे संमतीपत्र, त्यावर दोन सह्या झालेल्या, तिसऱ्या सहीची जागा मोकळी. शेजारी त्याचा थोरला मुलगा, ज्याच्या सहा खोल्यांच्या लॉजमध्ये एकाच गादीवर पाळीपाळीने तीन-तीन कामगार झोपत. गादी थंड व्हायला वेळच मिळत नाही, असं तो अभिमानाने सांगे.

"ये, बैस," दादा म्हणाला. "अकरा झाले की त्या विकास अधिकारी बाई येतील. त्याआधी तू सही केलीस की झालं. काट्याच्या जागी चाळीस खोल्यांचं कामगार निवास. कर्ज कार्यालय मिळवून देणार, कंपनी दहा वर्षं खोल्या घेणार. तुला म्हातारपणी धुळीत बसायला नको."

"मला धूळ आवडते," आत्या म्हणाली.

"आत्या, हट्ट नको ना," थोरला म्हणाला. "गाव कुठल्या कुठे चाललंय."

"चाललंय कुठे? वळणापर्यंत उभं आहे. पुलावर आपली पावती चालत नाही म्हणे. काटा निकामी आहे असं कुणीतरी लिहून दिलंय."

वहिनीने, म्हणजे दादाच्या बायकोने, भाताचं झाकण उघडलं आणि काही कारण नसताना पुन्हा लावलं.

"म्हणजे तसं नाही," थोरल्याने घसा साफ केला. "अर्जात एक रकाना होता, 'जागेचा सध्याचा वापर'. वापरात नसलेल्या जागेला यादीत पहिला नंबर मिळतो. म्हणून मी लिहिलं... 'जुना वजनकाटा, निकामी.' नुसता रकाना भरला हो! मला काय माहीत, ते कागद वाचतात म्हणून!"

"सरकारी कागद वाचला गेला? आमच्या वेळी असं नव्हतं," दादा म्हणाला. त्याच्या आवाजात विश्वासघात झाल्याचं खरंखुरं दुःख होतं.

तेवढ्यात दादाचा धाकटा मुलगा दारातून आत आला, हात काळे, टायरच्या रबराचा वास घेऊन. काट्याच्या शेजारीच त्याचं ट्रकच्या टायरांचं दुकान. "दुकानाच्या फाटकासमोर तीन ट्रक आडवे आहेत," तो म्हणाला. "पंक्चर झालेला आत येऊ शकत नाही, दुरुस्त झालेला बाहेर जाऊ शकत नाही. कुणाच्या डोक्यातून आलं हे?"

सगळे खिडकीबाहेर बघायला लागले.

"दादाच्या," भाऊ पटकन म्हणाला. खरं तर संमतीपत्रावर पहिली सही त्याची होती. दहा वर्षं बाहेरगावी राहून गॅसच्या वासाने तो परत आला होता आणि आल्यापासून स्वतःची ओळख कंत्राटदार म्हणून करून देत होता. कंत्राट तेवढं अजून मिळायचं होतं.

"माझ्या? अर्जावर तुझीही सही आहे!"

"मी वाचून सही करतो असं कधी म्हणालो?"

वहिनी आत्याच्या कानाशी आली. "वन्सं, करून टाका ना सही. रोज सकाळी तुमच्या ट्रकांनी माझ्या खिडक्या हलतात."

"करते की," आत्या म्हणाली, आणि टेबलाभोवतीच्या सगळ्यांच्या माना एकदम वळल्या. "मी कधी नाही म्हटलं? फक्त एक विचारायचं होतं. नव्या इमारतीत खाली रस्त्याच्या तोंडाशी जे दुकान होणार, ते कुणाचं?"

"माझं," भाऊ म्हणाला. "कंत्राटदाराचं ऑफिस."

"माझं," धाकटा म्हणाला. "टायरची शोरूम. बाबांनी शब्द दिलाय."

"अय्या, म्हणजे?" थोरली सून स्वयंपाकघराच्या दारात उभी होती, हातात भली मोठी किटली. ती सकाळपासून खोळंबलेल्या ड्रायव्हरांना चहा पाजत होती, आणि आतापर्यंतच्या रांगेवर तिची काही तक्रार नव्हती. "तिथे तर माझं हॉटेल होणार आहे ना? बाबा, तुम्ही मला भिंतीचा रंगसुद्धा निवडायला लावलात!"

दादाने संमतीपत्र उचललं आणि जणू ते दुकान त्याच्यामागे लपलंय अशा बेताने चेहऱ्यासमोर धरलं.

"एकच दुकान आहे," तो कागदामागून म्हणाला. "पण मोठं आहे."

"कोणता रंग निवडलास?" धाकट्याने थोरल्या सुनेला विचारलं.

"फिकट पिवळा."

"टायरच्या शोरूमला फिकट पिवळा!"

पुढची दहा मिनिटं आत्याने मन लावून भात खाल्ला. सकाळी एका बाजूला सहा जण होते आणि दुसऱ्या बाजूला ती. भात संपेस्तोवर भाऊ दादाच्या विरुद्ध गेला होता, धाकटा भाऊच्या विरुद्ध, थोरली सून नवऱ्याशी बोलत नव्हती, आणि वहिनी कुणाच्याच बाजूने नव्हती, कारण तिला तर काहीच कबूल केलं गेलं नव्हतं आणि हे तिच्या आत्ता लक्षात आलं होतं.

"मला काय?" ती नवऱ्याला म्हणाली. "चाळीस खोल्या, आणि मला काय?"

विकास अधिकारी बाई पोहोचल्या त्या अशा वेळी. त्या पायी आल्या होत्या. तिशीच्या आतबाहेरची मुलगी, काखेत फाइल, बूट घोट्यापर्यंत धुळीने माखलेले.

"माझी जीप रांगेत एकोणचाळिसावी आहे," त्या म्हणाल्या. "विहिरीवर पाइप पोहोचले नाहीत, म्हणून खोदकाम थांबलंय. कंपनीचे चौदा फोन आले. तुम्ही लिहून दिलंत की काटा निकामी आहे. मग या निकामी काट्याच्या पावतीवर मी चार वर्षं पुलावरून ट्रक सोडतेय का?"

"नाही, नाही," थोरला उठून उभा राहिला. "काटा उत्तम आहे बाई. तसा."

"मग अर्जात खोटं लिहिलंत?"

"नाही, म्हणजे... उत्तम निकामी..."

"बसा तुम्ही," अधिकारी बाई म्हणाल्या. "सहा दिवसांपूर्वी निकामी, आज उत्तम. तुमच्या कुठल्या शब्दावर मी पुलाचा जीव टांगू? प्रमाणित वजनांची गाडी यायला आठ दिवस लागतील. तोवर मला दुसरा उपाय दिसत नाही. विहिरीजवळ कंपनीचा फिरता काटा तयार आहे. तो पुलाअलीकडे आणून बसवायला सांगते."

आत्याचा हात थाळीवर थांबला. एकदा ट्रकांना दुसरीकडे वळायची सवय लागली, की आठ दिवसांनी कुणी इकडे वळणार नाही, हे तिला कुणी सांगायला नको होतं. रांग जाईल. मग पाटा गंजेल, मग कुणीतरी पुन्हा तो रकाना भरेल, आणि त्या वेळी लिहिलेलं खरं असेल. खोलीत बसलेल्यांपैकी प्रत्येकाकडे तिने एकेकदा पाहिलं. प्रत्येक जण दुसऱ्याकडे पाहत होता.

"बाई," ती हळूच म्हणाली, "पाट्यावर आधीच माहीत असलेलं वजन ठेवून सुई बरोबर दाखवते का हे पाहिलं, तर तेवढ्यावर 'निकामी' हा शब्द खोडता येईल?"

"तसं वजन आणणार कुठून?"

"चला, दाखवते."

केबिनच्या मागच्या भिंतीवर रंगाने ओळीच्या ओळी लिहिलेल्या होत्या, वडिलांच्या अक्षरात. दरवर्षी काट्याची तेलपाण्याची दुरुस्ती झाली, की वडील घरातल्या प्रत्येकाला आधी छोट्या काट्यावर उभं करत, आकडे भिंतीवर लिहीत, मग सगळ्यांना मिळून मोठ्या पाट्यावर. बेरीज जुळली की काटा सुरू. घरच्यांवर विश्वास नसेल तर परक्याचं वजन करू नये, असं त्यांचं म्हणणं. शेवटची ओळ अकरा वर्षांपूर्वीची होती. त्यानंतर वडील गेले, वाटणीवरून बोलणी बिघडली, आणि पाट्यावर सगळं घर एकत्र उभं राहिलं असं पुन्हा झालं नाही.

अधिकारी बाईंनी ओळी वरपासून खालपर्यंत वाचल्या. कपाळावरची आठी थोडी सैलावली. "ही पूर्ण परीक्षा होत नाही," त्या म्हणाल्या. "वजनांची गाडी येईलच. पण आठवडाभर पावत्या चालू ठेवायला काहीतरी आधार होईल. किती जण आहात?"

"आठ. आमची धाकटी सूनबाई दवाखान्यातून येतेच आहे."

धाकटी सून कंपनीच्या दवाखान्यात नर्स होती. ती गणवेशातच आली आणि आल्या आल्या नवऱ्याच्या हाताचं काळं पुसायला लागली.

"प्रत्येकाने आपापलं वजन सांगा," अधिकारी बाईंनी पेन काढलं.

"बहात्तर," दादा छाती पुढे काढत म्हणाला.

"साठ," वहिनी.

"अठ्ठ्याहत्तर," थोरला.

"पंचावन्न," थोरली सून म्हणाली, आणि किटली पाठीमागे घेतली, जणू वजन किटलीचंच जास्त होतं.

धाकटा सत्तर म्हणाला, भाऊ पासष्ट. धाकट्या सुनेने छप्पन्न सांगितलं. आत्याने बावन्न.

बोलताना प्रत्येकाची नजर क्षणभर मागच्या भिंतीकडे जाऊन आली होती. आत्याने ते पाहिलं. एका धाकट्या सुनेचं नाव भिंतीवर नव्हतं, ती मागाहून घरात आली. बाकी सगळ्यांनी घडाघडा म्हटलेला आकडा शेवटच्या ओळीतला होता. अकरा वर्षांत कुणी स्वतःचं वजन पुन्हा केलंच नव्हतं, किंवा केलं असलं तरी त्याच्यावर विश्वास ठेवला नव्हता. धाकटी सून आत्याकडे पाहून डोळे मोठे करत होती. आत्याने ओठ मिटले. तिला कुणी विचारलं नव्हतं.

"पाचशे आठ," अधिकारी बाईंनी बेरीज केली. "चढा पाट्यावर."

आठ जण पाट्यावर चढले. अकरा वर्षांनी. कुणी कुणाला चिकटायचं नाही अशा बेताने उभे राहिले, पण पाट्याच्या मधोमध यायचं तर चिकटल्याशिवाय भागेना. भाऊचं कोपर दादाच्या पोटात. थोरल्या सुनेने नवऱ्याच्या पायावर पाय दिला, चुकून की मुद्दाम ते तिचं तिला ठाऊक. रांगेतले ड्रायव्हर खाली उतरून कडेला जमले. एकाने ओरडून विचारलं, "आत्या, माल कुठे जायचाय हा?"

"परत करायचाय," आत्या म्हणाली. "घेणाराच मिळेना."

केबिनमधून अधिकारी बाईंचा आवाज आला. "पाचशे सत्तर."

हसू विरलं.

"पाहिलंत!" दादा पाट्यावरून ओरडला. "बासष्ट किलोंचा फरक! मी म्हणत नव्हतो? काटा गेलेला आहे. माझा मुलगा खोटं लिहीलच कसं?"

थोरल्याच्या चेहऱ्यावर सकाळपासून पहिल्यांदाच रंग आला. धाकटा मात्र आडव्या ट्रकांकडे बघत कपाळाला हात लावून उभा होता. अधिकारी बाई बाहेर आल्या. त्यांनी फाइल उघडली, पेनाचं टोपण काढलं, आणि काय वाटलं कोण जाणे, थांबल्या.

"तुम्ही एवढी वर्षं काटा चालवता," त्या आत्याला म्हणाल्या. "तुम्हाला काही सांगायचंय का?"

आत्याने पाट्यावरून खाली पाऊल टाकलं. देव मागे उभा असतो तो असा.

"विचारलंत म्हणून सांगते," ती म्हणाली. "काटा बरोबर आहे. माणसं अकरा वर्षं जुनी आहेत."

"म्हणजे?"

"यांनी सांगितलेले आकडे आमच्या वडिलांच्या हयातीतले आहेत. भिंतीवरचे. दवाखान्यातला छोटा काटा हाकेच्या अंतरावर आहे."

"मी कुणाचं वजन तोंडाने सांगणार नाही," धाकटी सून गंभीरपणे म्हणाली. "नोकरीचा नियम आहे. पण काटा उचलून आणायला हरकत नाही." आणि ती जवळजवळ पळतच गेली.

"काही गरज नाही याची!" दादा पाट्यावरून उतरायला लागला. "बहात्तर म्हणजे बहात्तर. माझा पट्टा बघा, त्याच भोकात आहे!"

"तो पट्टा मी तीनदा बदललाय," वहिनी म्हणाली. "रंग तोच आणते."

छोटा काटा आला. रांगेतले ड्रायव्हर आता अर्धवर्तुळ करून बसले होते. आधी आत्या उभी राहिली. बावन्न. मग धाकटी सून, छप्पन्न. तिथपर्यंत सगळं सुरळीत होतं.

"अडुसष्ट," वहिनी चढल्यावर तिच्याकडे न बघता अधिकारी बाई म्हणाल्या.

"आज चहा जास्त झाला," वहिनी म्हणाली.

थोरली सून किटली खाली ठेवून उभी राहिली. चौसष्ट. धाकटा, चौऱ्याहत्तर. थोरला काट्यावर चढला आणि काट्याने एक बारीकसा आवाज केला. "त्र्याण्णव." ड्रायव्हरांतून कुणीतरी शिट्टी घातली. "लॉजच्या गाद्यांवर तूच झोपतोस की काय रे?" धाकट्याने भावाला विचारलं.

भाऊ चढला. "बहात्तर."

"घ्या!" वहिनी म्हणाली. "यांचे बहात्तर भाऊजींकडे सापडले!"

आता दादा उरला. त्याने आधी पायातले बूट काढले. मग घड्याळ. मग खिशातल्या किल्ल्या, चष्म्याचं घर, आणि रुमाल. घडी घालून रुमाल बायकोच्या हातात देताना त्याचा चेहरा असा होता, की आत्याला क्षणभर वाटलं, नको, पुरे. पण खिडकीपलीकडे तिची तबकडी होती, आणि बेरीज अजून अपुरी होती.

"एकोणनव्वद," अधिकारी बाई हळू आवाजात म्हणाल्या. ड्रायव्हरही या वेळी गप्प राहिले. दादाला ते ओरडले असते तर बरं वाटलं असतं.

बाईंनी कागदावर बेरीज केली, पुन्हा एकदा तपासली. "पाचशे अडुसष्ट. तुमच्या तबकडीवर रेघा किती किलोंच्या?"

"दहा-दहाच्या. पाचशे सत्तरच्या रेघेला सुई टेकलेली दिसली असेल."

"टेकलेली होती." त्या पहिल्यांदाच हसल्या. "घरातल्यांपेक्षा काटा बरा. 'निकामी' शब्द खोडा, खाली तिघांच्या सह्या करा. पुलावर मी फोन करते. गाडी येईपर्यंत अठ्ठावीस टनांच्या आतले ट्रकच सोडीन."

सह्या पाट्यावरच झाल्या. आडवे ट्रक हलले, पहिला पाइपवाला हॉर्न वाजवत वजनाला आला, आणि थोरल्या सुनेने किटलीत डोकावून एक उसासा टाकला.

"म्हणजे माझं निवास गेलं," थोरला म्हणाला. त्याचा आवाज इतका बारीक झाला होता की आत्याला त्याच्या शाळेचे दिवस आठवले. "कामगार जागा नाही म्हणून ट्रकखाली झोपतात, आत्या. मी काय नुसता स्वतःसाठी बघतोय?"

हे खरं होतं. आत्याला ते आजच कळलं असंही नव्हतं.

अधिकारी बाईंनी फाइल मिटता मिटता काट्यामागे बोट केलं. "ती मोठी इमारत कशाची?"

उत्तर सगळ्यांना माहीत होतं. आत्याने पावतीपुस्तकात डोकं घातलं.

"माझं धान्याचं गोदाम," दादा म्हणाला.

"चालू आहे?"

"चालू आहे म्हणजे..."

"चालू आहे," वहिनी म्हणाली. "हे रोज सकाळी तिथे पेपर वाचतात."

माळावर पेरणारे लोक गॅसच्या कामाला गेले, त्याला तीन वर्षं होऊन गेली होती. शेवटचं पोतं तेव्हाच हललं. दादा मात्र रोज आठला कुलूप उघडायचा, खुर्ची दारात ओढायचा, आणि बाराला कुलूप लावून 'आज मंदी आहे' असं म्हणत घरी यायचा.

"अर्ज आणखी आठ दिवस घेतोय आम्ही," बाई म्हणाल्या, आणि आपल्या जीपकडे निघाल्या. ती आता रांगेत सोळावी होती.

दुपारी चारच्या सुमारास ट्रकांची गर्दी पातळ झाली. आत्या भिंतीपुढे रंगाचा डबा घेऊन उभी होती, वडिलांच्या शेवटच्या ओळीखाली नवी ओळ लिहायला. दार वाजलं. दादा आत आला, स्टुलावर बसला, आणि बराच वेळ सुईकडे बघत राहिला.

"तू मनात हसली असशील," तो म्हणाला.

"थोडीशी."

"तुझ्या काट्याला निकामी लिहू दिलं मी. चूक झाली. पण तू तरी माझ्या गोदामाबद्दल कधीतरी बोलायचं होतंस."

"तू विचारलं नाहीस."

"तुझा तो नेम! तीन वर्षं रिकाम्या दारात बसलो, तुझ्या खिडकीतून सगळं दिसतं, आणि एक शब्द नाही. ओरडणारी बहीण परवडली असती." त्याने खिशातून नवा कोरा अर्ज काढला आणि गुडघ्यावर सपाट केला. "आता विचारतो. 'जागेचा सध्याचा वापर.' काय लिहू?"

आत्याने विचार केला. "'मोठ्या भावाची बैठक' लिही."

"यादीत नंबर लागेल त्याने?"

"नाही लागणार. मग 'मोकळी' लिही. मोकळी म्हणण्यात काही कमीपणा नाही. आणि थोरल्याला सांग, दाराशी तुझी खुर्ची राहील एवढी जागा नकाशात सोड. रस्त्याच्या तोंडाशी गोदामाला दुकान नाही, तेव्हा भांडणही नाही."

दादाने 'मोकळी' लिहिलं. एवढ्या एका शब्दाला त्याला बराच वेळ लागला. मग सही केली, आणि अर्ज तिच्या हातात न देता तिथेच घुटमळला.

"आणखी एक," तो भिंतीकडे पाहत म्हणाला. "ही ओळ. माझ्यापुढे बहात्तरच लिही ना. बाबांच्या भिंतीवर एकोणनव्वद बरं दिसत नाही."

"दादा, बेरीज जुळायला हवी. खोटं मी लिहीत नाही."

"थोडं इकडचं तिकडे. घरातल्या घरात."

"बरं. उरलेले सतरा कुणाच्या नावावर टाकू ते सांग. जाऊन त्याला विचारून ये. तो हो म्हणाला, की लिहिते."

दादाने गंभीरपणे विचार केला. "भाऊच्या टाक. तो वाचून सही करत नाही."

आत्याने ब्रश डब्यात बुडवला आणि हसू लपवायला खिडकीकडे वळली. ट्रकांची रांग संपली होती. तिच्या जागी खिडकीखाली भाऊ उभा होता, खाकरत. त्याच्यामागे थोरला. त्याच्यामागे वहिनी, खाऊची ताटली झाकून हातात धरलेली. सगळ्यांत शेवटी थोरली सून, किटली घेऊन.

"एकेकाने या," आत्या म्हणाली. "पाटा मोकळा ठेवा."